सगळे अर्ज सातच्या कप्प्यात: सर्व्हर झोपवायला गर्दी लागतेच असं नाही

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझा चुलत भाऊ सेतू केंद्र चालवतो. मी प्रोग्रामिंगचं काम करतो, तेही गावातूनच, त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये काहीही बिघडलं की पहिला फोन मला. मागच्या हंगामात एका फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती, केंद्रासमोरच्या कडूनिंबाखाली माणसं सकाळी सातपासून बसलेली, कापूस वेचायचा रोज बुडवून आलेल्या बाया, एकजण तर बैलं बंडीलाच जुंपलेली ठेवून आलेला, आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरून राहिलेलं. भाऊ म्हणाला, "दादा, सकाळपासून एकही फॉर्म गेला नाही गा, कोणी हॅक केलं का?" मी म्हटलं गर्दी असेल, शेवटच्या तारखेला होतेच. तेव्हा त्यानं विचारलं, "पण एवढाले मोठे सर्व्हर, एकटा माणूस बंद पाडू शकते का?"

पाडू शकतो. आणि त्यासाठी त्याला पासवर्ड लागत नाही, आत शिरावं लागत नाही, फार मोठी मशीनही लागत नाही. हे फोनवर सांगून समजण्यासारखं नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहितोय, कारण आता सातबारा, विमा, कर्ज, बियाण्याची सबसिडी, सगळंच या गोल फिरणाऱ्या चकरीच्या मागे जाऊन बसलंय, आणि ती चकरी का फिरते हे ज्याचा रोज बुडतो त्याला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आधी एक फरक. शेवटच्या तारखेला लाखो माणसं एकदम आली आणि सर्व्हर बसला तर तो हल्ला नाही, ती खरी गर्दी. दुसरा प्रकार म्हणजे भाड्यानं आणलेली गर्दी, कोणीतरी हजारो व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवरून एकाच वेळी खोट्या चकरा मारतो, बातम्यांमध्ये डीडॉस म्हणून येतं ते हे. दोन्हीत जोर संख्येचा. मला सांगायचाय तो तिसरा प्रकार, त्यात एकच माणूस एकच गठ्ठा घेऊन येतो आणि खिडकीवरच्या बाबूला असा गुंतवून टाकतो की मागची सगळी रांग उभीच राहते. चोरी काही होत नाही, कुलूप तसंच असतं, फक्त सेवा बंद.

हे समजायला मला आमच्या मोठेबाबांच्या कपाटापेक्षा चांगलं काही सापडलं नाही. मोठेबाबा सोसायटीचे गटसचिव होते, पीककर्जाचे अर्ज त्यांच्याकडे यायचे, आणि त्यांच्याकडे एक सागवानी कपाट होतं, त्याला दहा कप्पे, शून्य ते नऊ. नियम एकदम साधा. तुमच्या गट नंबरचा शेवटचा आकडा बघायचा, १४७ असेल तर सातचा कप्पा, २३० असेल तर शून्याचा. चारशे खातेदार होते, म्हणजे एका कप्प्यात साधारण चाळीस अर्ज. कोणी नवीन कागद घेऊन आलं की मोठेबाबा आधी तो कप्पा उघडून त्याच गटाचा जुना अर्ज आहे का ते बघायचे, असला तर त्यालाच टाचणी मारायची, नसला तर नवीन ठेवायचा. चारशे कागद चाळण्याऐवजी चाळीसच चाळायचे. मोठेबाबा काही इंजिनिअर नव्हते पण कॉम्प्युटरमध्ये जिला हॅश टेबल म्हणतात ती हीच.

कॉम्प्युटरचं कपाट थोडं जास्त हुशार. ते कागद वाढले की कप्पेही वाढवतं, म्हणून एका कप्प्यात सहसा एखाद-दोनच वस्तू असतात आणि हवी ती वस्तू झटक्यात मिळते. नाव कोणतंही असो, एका ठरलेल्या सूत्रातून ते काढायचं, आकडा येतो, आकड्यावरून कप्पा ठरतो. प्रोग्रामिंगच्या जवळपास प्रत्येक भाषेत हे कपाट आहे, पीएचपी, जावा, पायथॉन, रूबी, सगळीकडे.

हे कपाट वेबसाइटमध्ये कुठे येतं ते कळायला आधी फ्रेमवर्क म्हणजे काय ते थोडक्यात. सोयाबीन काढायच्या वेळी प्रत्येकजण काही स्वतःचं थ्रेशर विकत घेत नाही, एकच मशीन अख्ख्या शिवारात फिरते, तुम्ही फक्त गंजी तयार ठेवायची. वेबसाइट बनवणाऱ्याचंही तसंच, फॉर्म वाचणं, लॉगिन सांभाळणं, पानं दाखवणं हे सगळं तयार मिळतं, त्या तयार सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. फायदा मोठा आहे पण त्या थ्रेशरच्या पट्ट्यात खोट असली तर ती ज्या ज्या वावरात जाईल तिथे तिथे खोट, मग तुमची गंजी कितीही चांगली रचलेली असो.

आणि फॉर्म आला की फ्रेमवर्क काय करतं? प्रत्येक रकान्याचं नाव आणि त्यात भरलेली माहिती, अशा जोड्या करून एका हॅश टेबलमध्ये टाकतं. नाव, गाव, आधार नंबर, बँक, एकेक करून कप्प्यात. बऱ्याच ठिकाणी हे काम तुमचा स्वतःचा कोड सुरू व्हायच्या आधीच होऊन जातं. म्हणजे समोरचा माणूस खरा की खोटा, लॉगिन केलेला की नाही, हे तपासायला तुम्ही दार उघडायच्या आधीच कपाट भरणं सुरू झालेलं असतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच.

आता खोड काढणारा माणूस काय करतो बघा. मोठेबाबांचा नियम गावभर माहीत होता, लपवायचं काही कारणही नव्हतं. समजा कपाट रिकामं असताना एकजण हजार अर्जांचा गठ्ठा घेऊन आला आणि प्रत्येकाचा गट नंबर सातवर संपणारा, १७, २७, ३७, असे. सगळे एकाच कप्प्यात. पहिला अर्ज ठेवताना काही चाळावं लागत नाही, दुसऱ्याला एक कागद बघावा लागतो, तिसऱ्याला दोन, हजाराव्याला ९९९. सगळी बेरीज केली तर ४,९९,५०० वेळा कागद उलटावा लागेल. हजार कागदांसाठी पाच लाख वेळा! बाकीचे नऊ कप्पे रिकामे पडलेत आणि मोठेबाबा सातच्या कप्प्यातून डोकं वर काढू शकत नाहीत. कॉम्प्युटरकडे असे एक लाख रकाने पाठवले तर साधारण लाखभर पायऱ्यांत व्हायचं काम ५०० कोटींच्या घरात जातं. गठ्ठा दुप्पट केला की काम चौपट होतं, मुद्दा तिथे आहे.

तुम्ही म्हणाल गट नंबरचं ठीक आहे, पण कॉम्प्युटरचं सूत्र एवढं सोपं थोडंच असेल. जावाचं घ्या. कॅपिटल ए या अक्षराचा ठरलेला आकडा ६५, स्मॉल ए चा ९७, कॅपिटल बी चा ६६. दोन अक्षरांच्या शब्दासाठी सूत्र असं की पहिल्या आकड्याला ३१ ने गुणायचं आणि दुसरा त्यात मिळवायचा. कॅपिटल ए आणि त्याच्यापुढे स्मॉल ए, ६५ गुणिले ३१ म्हणजे २०१५, अधिक ९७, झाले २११२. आता कॅपिटल बी दोनदा, ६६ गुणिले ३१ म्हणजे २०४६, अधिक ६६, पुन्हा २११२. दोन वेगळे शब्द, आकडा तोच. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. आणि ही जोडी मिळाली की पुढे डोकंही लावावं लागत नाही, या दोन तुकड्यांना कसंही पुढे-मागे जोडा, एकूण तुकडे तेवढेच असले की आकडा सारखाच राहतो. दहा तुकडे जोडले तर १,०२४ वेगवेगळी नावं, सोळा जोडले तर ६५,५३६, सगळी एकाच कप्प्यात जाणारी.

हे काही गुपित नव्हतं, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक या दोघांनी यावर पेपर लिहिला. त्यांनी ब्रो नावाचं, नेटवर्कवर पहारा देणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि जुन्या टेलिफोनच्या मोडेमपेक्षाही कमी वेगानं मोजून-मापून बनवलेले पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, त्याच्याकडे पाठवले. सहा मिनिटांत तो पहारेकरी ७१ टक्क्यांपर्यंत ट्रॅफिक सोडून द्यायला लागला आणि त्याचा अख्खा प्रोसेसर त्यातच खर्ची पडला. पर्ल नावाच्या भाषेवाल्यांनी त्याच वर्षी ५.८.१ या आवृत्तीत आपलं कपाट दुरुस्त केलं. बाकीच्या बहुतेकांनी केलं नाही.

मग आठ वर्षं गेली. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनला केऑस कम्युनिकेशन काँग्रेस हा हॅकर लोकांचा दरवर्षीचा मेळावा भरला होता, तिथे आलेक्झांडर क्लिंक आणि यूलियान वेल्डे या दोन जर्मन संशोधकांनी तीच जुनी गोष्ट वेबच्या फॉर्मला लावून दाखवली आणि पीएचपी, जावा, पायथॉन, रूबी, मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट हे फ्रेमवर्क, एकामागून एक सगळेच त्यात सापडले. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच जाहीर केलं की साधारण १०० केबीची एकच विनंती, म्हणजे पाठवलेला एकच फॉर्म, प्रोसेसरचा एक कोर, म्हणजे त्यातला एक कामगार, ९० ते ११० सेकंद पूर्ण अडकवून ठेवू शकते. १०० केबी म्हणजे व्हॉट्सअॅपवर येणारा एक साधा फोटो. हिशोब करा, सेकंदाला एक केबी पाठवत राहिलं तरी एक कोर कायमचा गेला. आमच्याकडे टॉवरची एक काडी असते आणि फोटो उघडायला दोन मिनिटं लागतात, त्या रेंजवरूनसुद्धा एक कोर जवळपास पूर्ण वेळ अडकवून ठेवता आला असता.

मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती एरवी महिन्यातल्या ठरलेल्या मंगळवारी येते, पण यावेळी थांबले नाहीत, २९ डिसेंबरला, नवीन वर्षाच्या तोंडावर, एमएस११-१०० या नंबरानं ती बाहेर काढली. सीव्हीई नावाच्या सुरक्षा दोषांच्या जागतिक यादीत या दोषाची नोंद सीव्हीई-२०११-३४१४ अशी आहे. दुरुस्ती काय होती? एका फॉर्ममध्ये जास्तीत जास्त हजार रकाने, त्यापेक्षा जास्त आले तर सरळ परत. म्हणजे मोठेबाबांनी खिडकीवर पाटी लावली, एका माणसाचे एवढेच अर्ज घेतले जातील. सूत्र तेच, कपाट तेच, गठ्ठाच छोटा केला. पीएचपीनंही जानेवारी २०१२ मध्ये ५.३.९ या आवृत्तीत हजारचीच मर्यादा घातली.

पण घाईत घातलेला टाका कधीकधी दुसरीकडे उसवतो. पीएचपीच्या त्या मर्यादेच्या कोडमध्येच एक चूक राहून गेली आणि ती मूळ दोषापेक्षा भयंकर, कारण तिच्यातून बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकला असता. आधी फक्त काम थांबत होतं, आता घरच ताब्यात जाण्याची वेळ. महिन्याभरातच ५.३.१० काढून ती दुरुस्त करावी लागली. मी दुरुस्ती करणाऱ्यांना दोष देत नाही, सगळ्या जगाचं लक्ष असताना ते काम करणं सोपं नसतं. पण अपडेट एकदा मारला आणि विसरलो असं का चालत नाही, ते यातून दिसतं.

गठ्ठा छोटा करणं हा अर्धा उपाय. खरा उपाय नियमच गुप्त करणं, आणि इथे मला मोठेबाबांचीच आठवण सांगायची आहे. एका संध्याकाळी लाइन गेली होती, ओसरीवर बसून मी त्यांना हे सगळं त्यांच्याच कपाटावरून सांगत होतो. ते म्हणाले, "मंग त्याच्यात काय एवढं, रोज सकाळी आपल्या मनात एक आकडा धरायचा न तो गट नंबरात मिळवायचा. आज तीन, उद्या पाच. त्याले काय समजते कोणत्या कप्प्यात गेला ते!" मी म्हटलं करून बघा. त्यांनी बोटावर हिशोब लावला. "एकशे सत्तेचाळीस न तीन, दीडशे. शून्याचा कप्पा. दोनशे सत्तावन न तीन, दोनशे साठ. शून्य. तीनशे सदुसष्ट न तीन..." आणि थांबले. "अरे, हे त सगळेच शून्यात जाऊन राहिले बे!"

हो. गठ्ठा सातच्या कप्प्यातून उठून शून्याच्या कप्प्यात गेला पण गठ्ठाच राहिला. ज्याला मोठेबाबांना नुसतं अडकवायचंय त्याला कप्पा कोणता याच्याशी देणंघेणंच नाही, सगळे एकत्र पडले की त्याचं काम झालं.

नेमकी हीच गोष्ट मोठमोठ्या सॉफ्टवेअरमध्ये झाली. सूत्रात गुप्त आकडा घातला म्हणून लोक निर्धास्त झाले, आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं गेलं की मर्मरहॅशसारख्या नावाजलेल्या सूत्रातही अशी नावं बनवता येतात की गुप्त आकडा कोणताही घ्या, ती एकमेकांवर पडणारच. त्यावर उतारा म्हणून जाँ-फिलिप ओमासों आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी त्याच वर्षी सिपहॅश नावाचं सूत्र दिलं. त्यात १२८ बिटांची, म्हणजे अंदाजानं सापडणार नाही एवढी लांब, गुप्त किल्ली असते आणि ती नावात वरून मिळवलेली नसते, कणकेत तेल-मीठ टाकून परत परत मळावं तशी ती प्रत्येक टप्प्यावर आत मळलेली असते, त्यामुळे किल्ली बदलली की आधी एकत्र पडणारी नावं विखुरली जातात. पायथॉनमध्ये ते २०१४ च्या ३.४ आवृत्तीत आलं, रूबीत आणि रस्ट या भाषेतही ते आहे. जावानं वेगळी वाट धरली, २०१४ च्या जावा ८ मध्ये कप्पा फार भरला की आतले कागद झाडाच्या फांद्यांसारखे क्रमानं लावले जातात, मग एका कप्प्यात लाख कागद आले तरी साधारण १७-१८ वेळा बघून काम भागतं. मला वैयक्तिक ही कल्पना फार आवडते, गठ्ठा येणार हे मान्य करून कप्प्याची आतली मांडणीच सुधारली.

कपाटाचा हा एक प्रकार झाला, पण याच जातीचे दोष अजून निघतात आणि निघत राहणार. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामर लोकांची साइट ३४ मिनिटं बंद होती. कारण काय, तर एका पोस्टमध्ये एका ओळीत जवळपास २०,००० मोकळ्या जागा लागोपाठ होत्या आणि ओळीच्या टोकाच्या मोकळ्या जागा छाटणारा छोटासा नियम त्यात अडकला, वीस हजार तपासल्या, नाही जमलं, मग एक सोडून पुन्हा पहिल्यापासून, असं करत जवळपास २० कोटी वेळा. तिथे कोणाचा वाईट हेतूही नव्हता. दुरून बघितलं तर सातच्या कप्प्याचाच हिशोब आहे हा, दुप्पट आलं की काम चौपट.

आता आपल्याकडचं. तालुक्याच्या गावात डिप्लोमा केलेली, आयटीआय केलेली हुशार पोट्टी शेतकरी कंपन्यांच्या, पतसंस्थांच्या, शाळांच्या साइट बनवतात आणि चांगल्या बनवतात. पण बनवून दिली की संपलं, पुढची दहा वर्षं तिच्याकडे कोणी बघत नाही. मागच्या महिन्यात मला एका शेतकरी कंपनीची कापूस नोंदणीची साइट बघायला बोलावलं, हंगामात फार हळू चालते म्हणून. उघडून बघतो तर पीएचपी ५.२. त्या मालिकेतली शेवटची आवृत्ती जानेवारी २०११ मधली, म्हणजे बर्लिनच्या त्या भाषणाच्याही आधी तिचा सांभाळ थांबलेला. हजार रकान्यांची मर्यादा तिच्यात कधी आलीच नाही. शेकडो शेतकऱ्यांचे बँक नंबर त्यात. मी सांगितलं हे बदलावं लागेल, तर साइट सांभाळणारे काका म्हणाले, "चालून राहिलं ना, मंग कायले हात लावता?"

त्यांचं मला समजतं. चालणाऱ्या मोटारीला कोणी पाना लावत नाही, आणि हंगामात तर नाहीच नाही. म्हणून मी वाद घातला नाही, साइटची एक नक्कल माझ्या लॅपटॉपवर उतरवली आणि काकांना समोर बसवून त्या नकलेकडे एकाच कप्प्यात जाणाऱ्या नावांचा एक फॉर्म पाठवला. पंखा जोरात सुरू झाला, चकरी फिरायला लागली, दुसऱ्या खिडकीत साइट उघडायचा प्रयत्न केला तर तीही नीट उघडेना. काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "एकाच फॉर्मनं?" मी म्हटलं, एकाच.

बदलायला अकरा दिवस लागले. मधल्या वर्षांत पीएचपी इतकी पुढे गेली की डेटाबेसला जोडणारी जुनी फंक्शनच २०१५ च्या ७.० मध्ये काढून टाकलेली आहेत, त्यामुळे त्या सगळ्या जागा शोधून शोधून नव्यानं लिहाव्या लागल्या, काकांच्या पोरीनं त्यात निम्मं काम केलं, ती यवतमाळला शिकते. आता आवृत्ती नवीन आहे, एका विनंतीला किती वेळ द्यायचा त्याची मर्यादा आहे, किती मोठा फॉर्म घ्यायचा त्याचीही आहे. त्यांच्या सगळ्यात लांब फॉर्ममध्ये ८७ रकाने आहेत, आम्ही मर्यादा हजारची न ठेवता २०० ठेवली, आणि ती का ठेवली ते त्या पोरीनं कोडमध्ये दोन ओळींत मराठीत लिहून ठेवलंय.